आठवीतल्या पोरींचा ऑटो

सर, तुम्ही वारलात तेव्हा मी दहावीत होतो. नववीतली सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, आठवते. आईनं दुसऱ्याचं वावर गुत्त्यानं घेतलेलं, एकराची मजुरी आधीच ठरलेली, म्हणून घरातले सगळे हात कामाला. माझी आठ दिवस शाळा बुडाली आणि तुम्ही थेट वावराच्या धुऱ्यावर. "बाई, याच्या वाट्याची पात मी सोंगतो. याले शाळेत जाऊ द्या." आई लाजून हसली, "सर, तुमच्यानं नाही होत." संध्याकाळी आलो तर तुमच्या बोटाला चिंधी आणि पात पूर्ण. मास्तर असं करतो?

त्याच वर्षी ग्रामसभेत तुम्ही गावच्या वेशीवरच्या कमानीचा पैसा पोरींच्या ऑटोला मागितला. गावची शाळा सातवीपर्यंत, पुढे तुमच्या बीबी गावच्या हायस्कूलला जायचं, आणि पोरी तिथंच गळायच्या. सरपंच म्हणाले, "कमान गावाची शान हाय." तुम्ही शांतपणे विचारलंत, "भाऊ, तुमची मोटर जळली तर कोणाले बोलावता?" "मेहकरहून." "अन् सुई टोचाले?" "मेहकरलेच जातो." "म्हंजे गावचा पैसा मेहकरले जाते, काऊन की आपली लेकरं आठवीत घरी बसते. हा खर्च नाही, पेरणी हाय." मी खिडकीत उभा. लेकरांचा असा हिशेब करता येतो, हे त्या दिवशी कळलं. कमान राहून गेली, ऑटो सुरू झाला. त्या ऑटोतली पहिली पोरगी आज गावच्याच उपकेंद्रात नर्स आहे.

परवा ग्रामसभेत पंचायतीच्या नव्या मेंबरांनी तोच ऑटो बंद करायचा विषय काढला. मी उठलो, मोटर, सुई, नर्स, सगळं बोललो. मागून एक काका म्हणाले, "अन् तू बे? पोरीपायी कॉलेज सोडलं, ते कोणत्या खात्यात टाकावं?" सभा खदखदली. एरवी मी कॉलर धरली असती. म्हणालो, "नुकसानीत टाका, काका. म्हणूनच बोलून राह्यलो." हसणं थांबलं. यंदापुरता ऑटो राहिला. आठ पोरी सोमवारी बीबीला गेल्या.

हे पत्र कुठं टाकणार? वहीतच राहील. पण तुम्हाला खोटं नको, सर. मेहकरच्या कॉलेजात ती पोरगी मला नाही म्हणाली, एवढंच मी लोकांना सांगतो. पुढचं सांगत नाही. ती म्हणाली होती, "माह्यासाठी नको, पण परीक्षा दे." परीक्षेचा फॉर्म मी तिच्यासमोर फाडला. रागात. माझ्याच हातानं.