न्हाणीच्या दोन पायऱ्या

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ. वि. वि.

आई तुझ्याकडे बरी आहे ना? हे पत्र तिला दाखवू नकोस. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिचा पाय उचलत नाही, वरच्या मजल्यावरची न्हाणी तिला गाठता येणार नाही, म्हणून खाली सामानाच्या खोलीत छोटी न्हाणी करायची, इथवर सगळं सरळ होतं. मग बाबा मध्ये पडले.

प्लंबर म्हणाला, पाइपांना बाहेरच्या चेंबरपर्यंत उतार हवा, त्यासाठी जमिनीचं काँक्रीट फोडून चर खणावा लागेल. बाबा म्हणाले, या जमिनीला कुणी हात लावायचा नाही. तीस वर्षांपूर्वी ती त्यांनी स्वतः ओतली, अजून केसाएवढी चीर नाही, हे प्लंबरला दोनदा आणि मला नऊदा ऐकवलं. शेवटी तोडही त्यांनीच काढली. पाइप जमिनीवरूनच न्यायचे आणि न्हाणीच उंच करायची! चौदा इंचांचा ओटा बांधून झालाय. चढायला दोन पायऱ्या, आणि त्या किती सुबक झाल्यात हे बघायला मला हाक मारली. जिला पायरी चढता येत नाही तिच्या न्हाणीला पायऱ्या! मी कपाळावर हात मारला, तर म्हणे कठडा लावू.

तू लाडका आहेस, तूच समजाव. माझं डोकं आता चालत नाही.

तुझी वैतागलेली,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र लपवणारच होतो, पण वाचताना हसू फुटलं आणि आईने कागद हातातून ओढून घेतला. तीही पोट धरून हसली. मग तिने चष्मा काढून डोळे पुसले. संध्याकाळी म्हणाली, त्यांची जमीन त्यांना लखलाभ, मी इथेच राहते, माझं शिलाईचं मशीन पाठवून द्या.

मला तर ती हवीच आहे गं. पण रोज सकाळी ती विचारते, इथे येऊन किती दिवस झाले. हे पत्र बाबांना वाचायला दे. याहून जास्त समजावणं मला जमणार नाही.

रागावलीस तरी माझाच पक्ष घे.

तुझा,
धाकटा

१ मार्च

सौ. हिस आशीर्वाद.

मशीन पाठवणार नाही. ओटा तोडला. जमीन मीच फोडली, प्लंबरला बाजूला केलं. दोन दिवस लागले. काँक्रीट खरंच चांगलं निघालं, पण हे तुझ्या लेकीला ऐकायचं नाही, दिवसभर माझं डोकं खाते. चर खणून पाइपांना उतार दिला, बादल्या ओतून पाहिलं, पाणी झरझर चेंबरला जातं. मग जमीन बुजवून वर खरखरीत फरशी बसवली. खोली आणि न्हाणी आता एका पातळीत आहेत. जाळीकडे थोडा ढाळ आहे, तो पायाला कळत नाही.

हे उगीच लिहीत नाही. काल मी माझा पाय दोन फळ्यांत करकचून बांधला आणि तुझ्यासारखाच वॉकर मागून आणून, पाय ओढत, पलंगापासून न्हाणीपर्यंत गेलो. लेक ओरडत होती. अकरा पावलं. पाय कुठे अडला नाही, पण मी घामाघूम झालो. तू तीन महिने रोज असं चालतेस आणि मला ते दिसलं नाही. चुकलो.

राग असू दे, त्यात थोडा लोभही असू दे. रविवारी न्यायला येतो. येशील ना?

तुझाच