तांबडा ठेवावा की कबरी

बाई, गावातली सगळी पोरं तुम्हाला बाई म्हणायची, म्हणून पोटची पोर असून मीही तेच म्हणत आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तोंडात तेच येतं. आज सकाळपासून मला एका जागी बसवत नाहीये. निवृत्त झाल्यापासून धाराशिवात तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहते, आणि आता मांजर आणायचं ठरवलंय! पुण्याची एक मुलगी जातिवंत मांजरं वाढवते, तिनं दोन फोटो पाठवलेत. एक बेंगॉल, अंगावर बिबट्यासारखे ठिपके, पाण्यात खेळायचं भारी वेड. दुसरं अबिसिनियन, तांबूस रंगाचं, जिथं उंच दिसेल तिथं चढणारं. दोन्ही चपळ, दोन्ही माणसाला दिवसभर नाचवणारी. "तुमचं राहणं कसं आहे ते बघून ठरवा, मॅडम," असं ती म्हणाली, आणि मला सोनारीची आपली खोली आठवली.

ते दुष्काळाचं साल. तुमची बदली सोनारीच्या शाळेत झालेली. दादांची, माझ्या वडलांची, नोकरी कळंबला सोसायटीच्या गोदामावर, रविवारी तेवढे एसटीनं येणार. शाळेच्या पोरांसाठी आलेली सुकडीची, त्या गोडसर भरड पिठाची, पोती आपल्याच खोलीत रचलेली, कारण शाळेला धड दार नव्हतं. कितीतरी पोरांचं दिवसातलं पोटभर खाणं तेवढंच, आणि उंदरांनी पोती फाडायला सुरुवात केलेली. "लेकरांच्या तोंडचं खातेत मेले," म्हणत तुम्ही भोकं शिवत बसायचात. मग एका रविवारी दादा पिशवीतून दोन मांजरं काढतात, गोदामात वाढलेली भाऊ-बहीण. एक तांबडा, एक कबरी. "आठ दिवस बघा," दादा म्हणतात, "एक ठेवा, एक मी परत नेतो. दोघांना दूध कुठलं आणायचं?"

कबरीनं पहिल्याच दिवशी घागर गाठली. पाण्यात पंजा घालायचा, थेंब उडवायचे, उडालेल्या थेंबामागं धावायचं. दोन दिवसांनी तिनं कळशीच आडवी केली. विहिरीच्या तळातून वाटीवाटीनं भरून आणलेलं पाणी जमिनीत जिरत गेलं. तुम्ही ओरडला नाहीत, नुसतं म्हणालात, "ही जाणार." मला आत गुदगुल्याच झाल्या, कारण माझा जीव तांबड्यावर जडलेला. तो सदा वर. फळीवर, तुळईवर, दाराच्या चौकटीवर.

आणि मग ती दुपार! सोनारीत वानरं माणसांइतकीच. देवळावरून उठून घराघरात शिरणारी. एक थोराड वानर उघड्या दारातून आत आलं, पोत्यावर बसलं आणि दोन्ही हातांनी सुकडी खायला लागलं. मी भिंतीला चिकटले. तुम्ही चुलीपाशी फुंकणी घेऊन उभ्या. तेवढ्यात तांबड्यानं तुळईवरून थेट त्याच्या पाठीवर उडी टाकली! वानर किंचाळत बाहेर, हा त्याच्या मागं, पत्र्यांवरून धडाधडा, ते पार देवळामागच्या लिंबावर. तिथं पोचल्यावर तांबड्यानं आजूबाजूला बघितलं, तर फांदीफांदीवर वानरं.

तुम्हाला मी तोवर कधी पळताना पाहिलं नव्हतं. अनवाणी पळालात, आणि झाडाखाली पदर पसरून उभ्या राहिलात. "ये रे लेकरा, टाक उडी!" फुलं विकणारी मावशी ओरडत होती, "सरका बाई, चावतेत ती!" तुम्ही म्हणालात, "चावू द्या." तांबडा पडला तो नेमका पदरात, पदर टर्रकन फाटला, आणि तुम्ही मान मागं टाकून हसलात. भर गावात, शाळेच्या बाई.

मला वाटलं, आता काय विचारायचंच नाही. पण रविवारी तुम्ही तांबड्याला उचलून दादांच्या पिशवीत ठेवलं.

"त्यानं तर सुकडी वाचवली!" मी भोकाड पसरलं. "हिनं पाणी सांडलं!"

"ऐक आधी," तुम्ही मला जवळ ओढलंत. "पाण्यावर झाकण ठेवता येतंय. वानरांवर कुठलं झाकण ठेवू? एक दिवस फाडतील त्याला. खोड काय मोडत न्हाय कुणाची. आपल्या घराला ती खोड झेपंल का, तेवढं बघायचं."

त्याच दिवशी घागरीवर ताट आणि ताटावर वरवंटा आला. पाणी बंद झालं तशी कबरी उंदरांच्या मागं लागली, आणि पुढं पोतं काही फाटलं नाही. तांबडा कळंबच्या गोदामात थप्प्यांवरून हिंडायचा. "हमाल त्याला मुकादम म्हणतेत," दादा सांगायचे, आणि माझ्या अंगावर चढायचं मूठभर मांस.

तर बाई, मी काल माझं घर तुमच्या डोळ्यांनी बघितलं. नळ अजूनही आठ-आठ दिवस येत नाही. पिंप, बादल्या, पातेली, सगळी भरलेली. इतक्या झाकणांमागं धावणं माझ्या गुडघ्यांना जमायचं नाही. बाल्कनीला मात्र जाळी आहे, पुस्तकांची कपाटं छतापर्यंत आहेत. ठरलं, अबिसिनियन! परवा येतंय. मी दूधवाल्यालाही सांगून बसले.

हे कागद टपालात पडायचे नाहीत, ते ठाऊकच आहे. पण एक सांगायचं राहिलं. ती मुलगी फोनवर म्हणाली, "या जातीला एकटेपणा सोसत नाही, मॅडम. घरी कोण कोण असतं?"

मी म्हणाले, "दोघी असतो. मी आणि आमच्या बाई."