बाहीवरचा नांगर

जहाजावरून, ३ मे

ती. आईस सा. न. वि. वि.

मला बढती मिळाली. बाहीवर नांगराचं चिन्ह शिवलं आहे आणि आमची मेस, म्हणजे खलाशांची झोपायची-जेवायची खोली, माझ्या ताब्यात आली आहे. पंचाईत अशी, की कालपर्यंत ज्यांच्याबरोबर टवाळक्या केल्या, त्यांनाच आता हुकूम द्यायचे. मी म्हणतो, जरा फरशी पुसता का? ते ‘हो साहेब’ म्हणतात आणि कूस बदलतात. मग मीच पुसतो. काल आमच्या वरिष्ठांनी, चीफनी, मला संडास घासताना पकडलं आणि बाकीचे काय करताहेत असं विचारलं. मी म्हटलं, देखरेख.

पुढच्या आठवड्यात शनिवारी कॅप्टनसाहेबांची तपासणी आहे. खोली नापास झाली तर सगळ्यांची रजा रद्द. आमच्या घोरपडीला (घोरतो म्हणून हे नाव) आपल्याच गावात मुलगी झाली आहे. त्याने अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही. काय करू?

तुझा गोंधळलेला,
धाकटा

घरून, ७ मे

चि. धाकट्यास अ. उ. आ.

घरी स्वतःचा टॉवेल उचलायला तुला हात नव्हते, आणि तिथे संडास घासतोस हे वाचून ऊर भरून आला.

इस्पितळाच्या धुलाईघरात मी एवढ्या बायका सांभाळते, त्या अनुभवाने सांगते. हुकमाच्या शेपटीला ‘का’ लावू नये; समोरच्याला ‘नाही’ म्हणायची सोय होते. आणि काम सांगण्याआधी कोणाचं काय दुखतंय ते बघावं. आमच्यातली एक सारखी खेकसायची. तिला इस्त्रीवरून उठवून खिडकीपाशी घड्या घालायला बसवलं, तर आता गाणी म्हणते. बेसूर म्हणते, पण खेकसत नाही.

सगळं स्वतः करणं याला पुढारीपण नाही, हमाली म्हणतात.

लोभ आहेच, धाकासकट.
तुझी आई

जहाजावरून, १६ मे

ती. आईस सा. न. वि. वि.

चौकशी केली. घोरपडीपायी कोणाचीच झोप होत नव्हती, म्हणून सगळे दिवसभर कुरकुरायचे. त्याची गादी पार टोकाला, पंपाच्या भिंतीशी हलवली. आता तो आणि पंप जोडीने घोरतात, बाकीचे झोपतात.

तरी तपासणीच्या आदल्या दिवशी न्हाणीघराचं गटार तुंबलं, साबणाचं पाणी खोलीभर झालं, आणि मंडळी पाय वर घेऊन पत्ते खेळत राहिली. माझं डोकं फिरलं. तोंडातून निघालं, ‘मी काय तुमची मोलकरीण आहे?’ अगदी तुझ्या आवाजात, आई. हातसुद्धा कमरेवर. सगळे ताडकन उठले. एकाने तर न सांगता कानामागे धुतलं. आता मला सगळे ‘आई’ म्हणतात, चीफसुद्धा.

तपासणी झाली. मंडळी रजेवर गेली. मला थोडं काम आहे, पुढच्या महिन्यात येईन.

बाबांना नमस्कार, तुझी माया राहू दे.
धाकटा

घरून, २२ मे

चि. धाकट्यास अ. उ. आ.

काल घोरपड बायकोला आणि तान्हीला घेऊन आपल्याकडे आला. चहा पुढे केला तर ढसाढसा रडायलाच लागला. कॅप्टनसाहेबांनी कपाट उघडलं तेव्हा बादली, केरसुणी आणि ओले मोजे त्यांच्या पायावर कोसळले, हे तू लिहिलं नाहीस. ते आत कोंबणारा घोरपडच होता. कोणी केलं असं विचारल्यावर तू म्हणे एवढंच बोललास: ‘खोली माझी आहे साहेब, चूकही माझीच.’ म्हणून तुझ्या एकट्याची रजा गेली.

‘थोडं काम आहे’ अशी थाप मारल्याबद्दल तुला झाडणार होते. पण हे ऐकून तुझे बाबा जन्मात पहिल्यांदा आपणहून कांदे चिरायला बसले, आणि तीन कांद्यांना पुरेल त्याहून जास्त रडले. म्हणून राहू दिलं.

पोरीला तुझ्या पलंगावर निजवलं होतं. तिने तुझी गादी ओलीचिंब केली. तिचा बाप ओशाळून गेला. मी म्हटलं, असू दे, ज्याची गादी आहे त्याला चालेल. गच्चीवर उन्हात टाकली आहे. तू येईपर्यंत वाळेल.

वाट बघणारी,
तुझी आई