विमलची सेफ्टीपिन

१२ फेब्रुवारी १९७४, मंगळवार. नागपूर

कॉलेजातल्या सरांचं आजचं वाक्य अजून डोक्यातून जात नाही. "तुमच्या वस्तीतल्या मुली पहिल्या वर्षाला बाकभर असतात, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला तू एकटी. शिकायची आवडच नसते ना!"

आमच्या वस्तीतली विमल पहिल्या वर्षाला फक्त इंग्रजीत राहिली होती. घरी विचारायला कोणी नाही, मग कॉलेज सोडून बिड्या वळायला लागली. यात आवड कुठून आली? तिथेच तोंडावर म्हणायला हवं होतं.

संध्याकाळी बुद्धविहारात मुलींचा अभ्यास घ्यायला गेले, तर दाराशी विमल. चपलेचा अंगठा तुटलेला, त्याला सेफ्टीपिन लावलेली. चपला काढल्या, पण आत येईना.

"काहून उभी वं? ये ना."

"मले इंग्रजीचा पेपर पुन्हा द्यायचा हाय. बाहेरून. शिकवशीन काय?"

हो म्हणाले आणि तिला हाताला धरून आत नेलं.

तासभर बसलो दोघी. चुकली की स्वतःच हसायची, पुन्हा वाचायची. निघताना मी जुन्या प्रश्नपत्रिका दिल्या. पानं सगळी सुटी. तिने इकडे तिकडे पाहिलं, दाराशी गेली, चपलेची सेफ्टीपिन काढली आणि पानांना लावली.

"अन् घरी कशी जाशीन वं?"

"तशीच. पानं नको पडायले."

अनवाणी गेली. चपला एका हातात, प्रश्नपत्रिका छातीशी. ती पिन काही डोळ्यांपुढून हलत नाही.

उद्या सरांना सांगणार आहे, पुढच्या वर्षी बाकावर विमलसाठी जागा ठेवा.

आवड नसते म्हणे!