आतून पडलेला पोचा

प्रिय मेरिम,

माझं सगळं बदललं ते गेल्या मंगळवारी दुपारी, आजोबांच्या गाझिक जीपच्या मागच्या डाव्या पत्र्यावर पोचा बुजवायला भरलेली लांबी निघाली तेव्हा. तू म्हणशील, याचं आयुष्य नेहमी कुठल्यातरी पत्र्यापाशी नाहीतर कुणाच्यातरी नाकापाशीच बदलतं. खरं आहे. कॉलेज सुटलं ते त्या पोराच्या नाकापायी. तो तुझ्याबद्दल घाणेरडं बोलला, मी त्याचं नाक फोडलं, आणि तू वसतिगृहाच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत मला विचारलंस, "मी तुला सांगितलं होतं का?" त्या दिवसापासून तुझा फोन मला लागत नाही. मी पुस्तकं कॉटखाली ढकलली आणि नारिन शहर सोडून गावी आलो. आई रडली. आजी म्हणाली, "आलास तर आलास. शेण काढायला माणूस हवाच होता."

शेण काढता काढताच गोठ्याच्या कोपऱ्यात गाझिक दिसली. गाझ-६९, वर कापडी टप, मागे दोन्ही बाजूंना समोरासमोर बाकं. आजोबा गेल्यापासून तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मी ती बाहेर का काढली ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं लबाडीचं होईल. तुला आणायला. आपल्याकडे मुलगी 'आणायची' म्हणजे काय, ते तुला फोड करून सांगायला नको. तुझ्या मावशीला तसंच रस्त्यातून उचलून नेऊन लग्नाला बसवलं होतं, तूच म्हणाली होतीस. माझा चुलतभाऊ एर्किन, त्यानं सगळं ठरवलं होतं. शनिवारची दुपार, त्याचे दोन मित्र, मागचं बाक. काकूनं पांढरा रुमालसुद्धा आणून ठेवला होता, तू उंबरा ओलांडलास की डोक्याला बांधायला; तो बांधला की मुलगी सून झाली. आणि मला त्यात वावगं काही दिसत नव्हतं, मेरिम. मला वाटायचं, माझं प्रेम एवढं मोठं आहे की एकदा घरात आलीस की तुला ते दिसेलच. फक्त गाडी चांगली हवी. खटाऱ्यातून तुला आणायची मला लाज वाटत होती. कशाची लाज वाटावी, तेवढंही मला कळत नव्हतं.

तर मी कामाला लागलो. शेजारचा सापारदादा वेल्डिंगचं मशीन घेऊन आला. नटबोल्ट गंजून असे बसले होते की एकेकाला रात्रभर रॉकेल पाजावं लागलं. मग गल्लीतली माणसं बोलावून सगळी बॉडी चासीवरून उचलली आणि अंगणात ओंडक्यांवर ठेवली. रंग खरवडायला लागलो तर संपेचना. वरती कुंपणाला लावतात तो निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली सामूहिक शेताच्या वेळचा मातकट. आणि तो सगळा उतरून ऊन थेट लोखंडावर पडलं ना, तेव्हा मी पोलादी ब्रश हातात धरून नुसता उभा राहिलो. मी कधी उघडा पत्रा पाहिलाच नव्हता. आपण आयुष्यभर गाड्या बघतो ते कपडे घातलेल्या. हा राखाडी होता, पण कलत्या उन्हात त्याच्यावर निळं, जांभळं, मधासारखं काय काय हलत होतं. टिचकी मारली तर वाजला. जिथं धातू निरोगी तिथं खणखणीत, जिथं आतून सडलाय तिथं ओल्या लाकडासारखा. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत टिचक्या मारत गाडीभोवती हिंडलो. मी! सरांचं वाक्य संपेपर्यंत ज्याला दम निघायचा नाही तो मी.

सडलेल्या जागा कापून नवे तुकडे जोडले, प्रायमर मारला, आणि सकाळी पाहतो तर प्रायमर दुधावरच्या सायीसारखा अख्खा हातात आला. मी डबा भिंतीवर फेकला. (तो डाग अजून आहे.) सापारदादानं पत्र्यावर बोट फिरवलं, हुंगलं आणि पोट धरून हसायला लागला. "अरे शुमकार, गाडी रंगवतोयस की मेंढी तळतोयस? तुझा आजा दर हिवाळ्याआधी हिच्या सांध्यासांध्यांत दुंब्या मेंढ्याची चरबी चोळायचा. गरम करून, कापडानं. जन्मभर जेवलीय ही गाडी, हिच्यावर रंग कसा बसेल?" मग चुलाण्यावर पाणी उकळून, सोडा घालून सगळी बॉडी पुन्हा धुतली. पण मेरिम, जिथं जिथं ती चरबी मुरली होती तिथं गंजाचा ठिपका नव्हता. आमच्याकडे थुंकी जमिनीवर पडेपर्यंत गोठते, अशा इतक्या हिवाळ्यांतून ते सांधे काल जोडल्यासारखे निघाले. आजोबा मला कायम गप्प, कंटाळवाणे वाटायचे. सामूहिक शेत मोडलं तेव्हा वाटणीत ट्रॅक्टर मिळत असताना त्यांनी हे डबडं मागून घेतलं, म्हणून सगळं गाव त्यांना हसलं होतं. मीही हसायचो. त्या सांध्यांतून हात फिरवताना पहिल्यांदा वाटलं, या माणसाला मी ओळखतच नव्हतो.

आता मंगळवार. पोचे काढणं चालू होतं. सापारदादानं शिकवलं होतं की घाई करायची नाही, आधी डोळे मिटून तळहात फिरवायचा. प्रत्येक पोच्याला दिशा असते. बोनेटवरचे वरून आलेले, दरडीचे दगड. उजव्या मडगार्डाचा बाजूनं, तो आमच्याच बैलाचा. मागे लोखंडी ठोकळा धरायचा, पुढून हलक्या हातानं हातोडी, आणि पत्रा आपण होऊन आपल्या मूळ जागी जायला बघतो. त्याला आठवत असतं. मागच्या डाव्या बाजूला, बाकाच्या खाली, लांबीचा जाड थर होता. एकावर एक, कितीदा तरी भरलेला, आणि तरीही तडकलेला. तो खरवडून काढला तर खाली खड्डा नव्हताच. तिथला पत्रा बाहेर फुगला होता. कुणीतरी ठोकून आत बसवायचा प्रयत्न केला होता आणि त्यात तो पातळ झाला होता. आतून वाकून पाहिलं तर सात-आठ खुणा, एकमेकींवर चढलेल्या, चंद्रकोरीसारख्या.

मी म्हटलं, मेंढी असेल. सापारदादा आत शिरून बराच वेळ पाहत राहिला. "मेंढी नव्हे रे. मेंढी एकदोनदा झाडते आणि नशिबाला शरण जाते. हे कुणीतरी नेम धरून मारलंय. पुन्हा पुन्हा, एकाच जागी."

आजी चहाचे वाडगे घेऊन आली होती. तिनं वाडगे ओंडक्यावर ठेवले आणि त्या फुगवट्यावर हात ठेवला. म्हणाली, "या मेंढीला मी ओळखते. तिच्या बुटाच्या टाचेला लोखंडी नाल होता."

तुला सगळं तिच्याच शब्दांत सांगता आलं असतं तर! ती अगदी सहज सांगत होती, जशी लोणी काढल्याची गोष्ट सांगावी. एकोणीस वर्षांची होती, घाटापलीकडच्या तिच्या गावात लहान मुलांना शिकवायची. आजोबा सामूहिक शेताचे ड्रायव्हर. शाळेतून येताना त्यांनी आणि दोन मित्रांनी तिला लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून गाझिकच्या मागे टाकलं. तोंड बांधलेलं, हात धरलेले. "पाय माझे होते," आजी म्हणाली. घाट चढून माथ्यावर येईपर्यंत ती एकाच जागी लाथ मारत राहिली. माथ्यावर आजोबांनी गाडी थांबवली. मित्रांना वाटलं, सिगारेटसाठी. आजोबांनी मागचं फळकूट पाडलं, तिचं तोंड सोडलं आणि म्हणाले, "थांबव ते." आजी म्हणाली, "तू थांबव." आजोबा म्हणाले, "उतर."

मित्र ओरडले, "तोलोगोन, तुला बायको हवीय का पत्रा?" आजोबा तिला म्हणाले, पुढे बस, घरी सोडतो. आजी म्हणाली, या डब्यात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. येतानाची चाकोरी वाऱ्यानं बुजली होती, बर्फ गुडघ्याच्या वर होतं. मग आजोबांनी काय केलं असेल? गाडी वळवली, पहिला गिअर टाकला आणि तिच्या पुढे चालवायला लागले, चाकांनी बर्फ दाबत. ती चाकोरीतून मागे चालत होती. ती थांबलेली आरशात दिसली की ते थांबायचे. ती निघाली की ते निघायचे. इंजिन तापलं की खाली उतरून बोनेटवर बर्फ टाकायचे, पण मागे वळून बघायचे नाहीत. सगळा घाट असा उतरला. तिच्या दारात तिच्या वडिलांसमोर उभे राहून म्हणाले, "मी हिला नेली होती. परत आणलीय." वडिलांनी घोड्याचा चाबूक काढला. आजोबांनी हात वर केला नाही.

गावात त्यांची फार थट्टा झाली. पोरगी हातातून सोडणारा म्हणून कुणी मुलगी देईना. मी विचारलं, मग तू कशी काय आलीस? आजी म्हणाली, "घाबरट होता म्हणून सोडलं की बाईचं ऐकलं म्हणून सोडलं, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. कळल्यावर मीच निरोप धाडला, मागणी घालायला आईला कानातली घेऊन पाठव म्हणून." तेव्हाही आली ती पुढच्या सीटवर बसून. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आजीला मागे बसलेलं मी कधीच पाहिलेलं नाही. ती पुढे म्हणाली, "त्या पोच्याची त्याला फार लाज. मी म्हणायची, राहू दे. तो बुजवायचा, दर वसंतात ते तडकायचं. आणि वाटणीत ही गाडी दुसऱ्या कुणाकडे गेली तर नवा मालक ती खूण ठोकून सपाट करेल, याचीही त्याला भीती. आता सांग, तुझ्या आजाला हवं काय होतं?"

मी त्या फुगवट्यावर तळहात ठेवला. पत्रा उन्हानं गरम झाला होता. एका मुलीच्या टाचेत एवढं बळ, आणि एका गप्प माणसाच्या कानात एवढं, हे माझ्या हाताखाली होतं. आजीनं वाडगे उचलले आणि जाता जाता विचारलं, "शनिवारपर्यंत गाडी हवी म्हणत होतास. शनिवारी कुठं जायचंय रे तुला?" तेवढंच. उत्तरासाठी थांबलीसुद्धा नाही. सापारदादा हातोडीचा दांडा उगाच घट्ट करत बसला.

तो पोचा मी तसाच ठेवलाय. बाकी सगळी बॉडी आरशासारखी केली, पॉलिश पेपरनं बोटांची सालं निघेपर्यंत, आणि मातकट हिरवा रंग दिला. काल रात्री चासीवर चढवली. आज शनिवार आहे, आणि रंग अजून ओला आहे.

आता हे पत्र का लिहितोय ते. परवा मी एर्किनला सांगितलं की मी येणार नाही. तो हसला. "तू घरी बस, नवरदेवा. माझ्या गाडीतून आणतो. कितीही लाथा मारल्या तरी ऐकू येत नाही, मी गाणी मोठ्यानं लावतो." मी त्याची कॉलर धरली, काकानं सोडवलं, आणि घरात सगळे म्हणतात, पोराला लग्नाआधीची धडकी भरलीय. ते येणार आहेत, मेरिम. तुझ्या खोलीतली नाझगुल तुला दुपारी कापड बघायला म्हणून बाजारात बोलावेल. ती एर्किनला सामील आहे. जाऊ नकोस. आजचा दिवस वसतिगृहातून बाहेर पडू नकोस, तिथल्या बाईंना हे पत्र दाखव, भावांना बोलावून घे. तुला माझ्यापासून वाचवायला दुसरं कुणी नव्हतं, ते मला करावं लागतंय, याची लाज आजोबांच्या लाजेपेक्षा मोठी आहे. तुझं उत्तर हवंय, खोटं कशाला बोलू. पण ते तुझ्या मर्जीनं. आमचं आणि काकांचं अंगण एकच, फाटक एकच, एर्किनची गाडी आत आहे. पहाटे मी गाझिक फाटकात आडवी लावली आणि चारही चाकं काढून विहिरीत टाकली. बाहेर पडायचं तर ती बॉडी फोडावी लागेल, आणि तिच्याआधी मला. तरी त्यांना दुसरी गाडी मिळू शकते, म्हणून आजी मागच्या बागेतून निघतेय; शेअर गाडीनं नारिनला येईल आणि हे तुझ्याच हातात देईल. हात उचलणार नाही असं वचन मी देत नाही. फाटकातून हलणार नाही, एवढं देतो. एर्किन हॉर्नवर हात ठेवून बसलाय आणि हाका मारतोय. आजीनं हात पुढे केलाय. मी बाहेर चाललो, दार मागून ओढून घेतो.

तुझाच, पण तू म्हणशील तरच,
शुमकार