हातचं राखून

रविवार, ३ मार्च

आज प्रार्थनाघरात रागावर प्रवचन झालं. प्रवचनकार म्हणाले, राग म्हणजे घरात पाळलेला लांडगा. आपण त्याला खाऊ घालतो आणि एक दिवस तो आपल्याच ताटावर येतो. फार छान. बोलताना सारखे माझ्याकडे बघत होते. एवढ्या लोकांत समजून घेणारा चेहरा माझाच असणार.

घरी येऊन ठराव केला. उद्यापासून कुणावर हात उगारायचा नाही. तसा मी मुळातच शांत माणूस. पाव फुगेपर्यंत वाट बघणं हाच ज्याचा धंदा, त्याला राग परवडेल कसा? पण गावात गैरसमज फार.

बायकोला ठराव सांगितला. बरं, म्हणाली. बहुतेक भारावली असावी.

टीप : ठराव उद्यापासून आहे. त्यामुळे संध्याकाळी बेकरीच्या दारात स्कूटर लावणाऱ्या इलेक्ट्रिशियनला दिलेली थप्पड यात धरू नये.

सोमवार, ४ मार्च

सगळा दिवस शांत. फार सोपं आहे हे. लोक उगाच बाऊ करतात.

ठरावामागचं कारण लिहून ठेवतो. महिनाअखेरच्या रविवारी प्रार्थनाघरात सगळ्या गावाचं जेवण आहे. पाव माझा, सूप ताईचं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, प्रार्थनाघराच्या स्वयंपाकघरात तिच्या परवानगीशिवाय चमचा हलत नाही. त्या जेवणाला लेक आणि जावई येतील, असं बायको म्हणते. तोवर माझी काही तक्रार त्यांच्या कानावर गेली नाही, तर.

जावई दातांचे डॉक्टर. नातीच्या वाढदिवसाला ते म्हणाले, लहान मुलांना पावावर साखर घालून देऊ नये. माझ्या घरात, माझ्या पावाबद्दल. माझा हात लागला आणि त्यांचा पुढचा दात पडला. वास्तविक मी हातचं राखूनच मारलं होतं. एवढ्याशाने दातांच्या डॉक्टरचाच दात पडत असेल, तर पेशंटनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? तेव्हापासून लेक घरी आली नाही. नात चार वर्षांची आहे. तिला मी पिठाची कासवं भाजून देत असे.

बुधवार, ६ मार्च

मैदा आणणाऱ्या टेम्पोवाल्याने ओली पोती आणली. वर म्हणतो, वाळतील की. मी एक शब्द बोललो नाही. फक्त दार लावलं. आपल्या बेकरीचं दार आपण लावणं म्हणजे काही मारामारी नव्हे. त्याची बोटं चौकटीत होती, हा त्याचा निष्काळजीपणा. ओरडला मात्र केवढ्याने! बर्फ मीच आणून दिला. दोन नखं गेली, ती येतील परत.

बायकोला विचारलं, बर्फ दिला ते पाहिलंस ना? म्हणाली, सगळंच पाहिलं.

हे लेकीला कळायला हवं. बर्फाचं.

शुक्रवार, ८ मार्च

प्रवचनकारांना गाठून उपाय विचारला. म्हणाले, राग आला की आधी देवाचं नाव घ्यायचं.

दुपारी गाण्याचा मास्तर आला. प्रार्थनाघरात गाणी बसवतो. स्वतःचा सूर कुठल्या कुठे जातो, पण दुसऱ्याच्या चुका लगेच ऐकू येतात. गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, गेल्या रविवारचा पाव मधे कच्चा होता.

मी देवाचं नाव घेतलं. मोठ्याने घेतलं, सगळ्यांनी ऐकलं. नंतर काय करायचं ते प्रवचनकारांनी सांगितलं नव्हतं. हातात भट्टीतून पाव काढायचं लांब लाकडी फावडं होतं, ते मास्तरच्या खांद्यावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मला तरी चांगल्या भाजलेल्या पावाच्या कडेसारखा वाटला. फावड्याचा दांडाही गेला. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मास्तर दवाखान्यात आपल्या पायांनी चालत गेला. म्हणजे फार लागलेलं नाही.

रविवार, १० मार्च

मास्तरशिवाय गाणी झाली. माझ्या बाकावर मी आणि बायको, बाकी बाक रिकामा. ऐसपैस बसता आलं.

प्रार्थना संपल्यावर ताईने स्वयंपाकघरात बोलावलं, पदर खोचला आणि माझ्या कानाखाली आवाज काढला. मग उलट्या हाताने दुसरा. म्हणाली, आता कळलं कसं लागतं ते? साठी उलटली बाईची, पण हात अगदी वडिलांवर गेलाय. वडिलांचा हात भारी होता. ताटात काही टाकलं की आधी ताट भिंतीवर, मग आम्ही. आमचं काही वाईट झालं नाही त्याने. ताईला डाव्या कानाने ऐकू येत नाही, तेवढंच.

मी उलट हात उगारला नाही. नोंद व्हावी. ताईच्या दुसऱ्या हातात उकळत्या सुपाचा डाव होता, हा भाग वेगळा.

मंगळवार, १२ मार्च

माणसाने चूक नसली तरी माफी मागावी. केक केला. वर क्रीमचं फूल काढलं. मास्तरच्या घरी गेलो. तो बिछान्यावर, हात गळ्यात बांधलेला. मी म्हणालो, झालं गेलं विसरून जा. त्याने डाव्या हाताने एक घास खाल्ला, चघळला आणि म्हणाला, हासुद्धा मधे कच्चाच आहे की.

केक त्याच्या तोंडावर गेला. केक मऊ असतो. आता त्याखाली ताटली होती आणि ती जाड काचेची होती, हे गडबडीत राहून गेलं. नाकातून रक्त, क्रीमवर लाल लाल, बघवत नव्हतं. मी रुमाल पुढे केला. तेवढ्यात मास्तरीणबाईंनी मागून लोखंडी तवा घातला. भुवई फुटली.

रस्त्याने रक्त ठिबकवत घरी आलो, पण मन अगदी प्रसन्न. मार खाल्ला आणि परत मारलं नाही! मारलं असतं, पण डोळ्यांत रक्त उतरल्याने बाई कुठे उभी आहे तेच दिसेना. तरीही प्रोग्रेस आहे.

डॉक्टरांनी टाके घातले. कसं लागलं विचारलं. माफी मागताना, म्हणालो.

शुक्रवार, १५ मार्च

काल रात्री बायको फोनवर लेकीशी बोलत होती. अर्धंच ऐकू आलं. नाही गं, मला कुठे काय झालंय. हो, झोपताना कडी लावते मी. हो, आतून.

हल्ली ती मागच्या खोलीत झोपते. माझ्या घोरण्यामुळे असेल. कडीचं मात्र मला माहीत नव्हतं. गावात चोऱ्या वाढल्यात, बायकामाणसांना भीती वाटणारच. जुनी कडी ढिली झालीये. सकाळी बाजारातून चांगली भक्कम कडी आणून स्वतःच्या हाताने बसवून दिली. खेचून बघ म्हणालो, हत्ती आला तरी तुटायची नाही.

सोमवार, १८ मार्च

प्रवचनकार बेकरीत आले. भुवईची चौकशी केली. मग म्हणाले, रविवारी तुम्ही पाव पाठवून द्या, स्वतः नाही आलात तरी चालेल, जरा आराम करा. किती काळजी! म्हणालो, छे छे, मी एकदम ठणठणीत, येणार म्हणजे येणारच. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत उभे राहिले. मग गेले.

ते काय म्हणत होते ते मला संध्याकाळी पीठ मळताना कळलं. भिंतीला एक ठोसा लगावला. करंगळी मोडली. भिंत धरायची नाही.

गुरुवार, २१ मार्च

लेक आली! एकटीच. बेकरीच्या उंबऱ्यावर उभी राहिली, आत काही आली नाही. मी म्हणालो, आत ये, उभी का. म्हणाली, इथेच बरी आहे.

मग म्हणाली, बाबा, मी रविवारी जेवायला येणार आहे. आईसाठी येणार आहे. हे सगळं कानावर आलंय माझ्या, बोटांचं, खांद्याचं, नाकाचं, तरी येणार आहे. पण त्या दिवशी तुम्ही कुणाला मारलंत तर ते शेवटचं.

बर्फाचं कानावर आलं का, मी विचारलं. तिला कळलं नाही.

शब्द दिला. देवाशपथ दिला. जाताना विचारलं, छोटी मला विचारते का? लेक म्हणाली, कासवं विचारते. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पिठात पडलं. त्या घाण्याला मीठ कमी घातलं.

मंगळवार, २६ मार्च

इलेक्ट्रिशियन दोन चुलतभावांना घेऊन आला. थप्पड तीन आठवड्यांपूर्वीची, आणि याला आज आठवतंय. तिघांनी मला बेकरीमागच्या बोळात घेतलं. एकाने धरलं, दोघांनी मारलं. बरगडीत लाथ, तोंडात माती. अंगावर आलं तर शिंगावर घ्यायचं, हे वडिलांनी शिकवलेलं. पण मी शब्द दिलेला. हात पाठीमागे घट्ट बांधून ठेवले माझे मीच. आनंदाने मार खात होतो.

शेवटी इलेक्ट्रिशियनचा कान अगदी तोंडाशी आला तेव्हा चावलो. कानाची पाळी फाटली. चावणं म्हणजे हात उगारणं होत नाही. मी नीट विचार करूनच चावलो.

लेकीपर्यंत जाणार नाही. त्या तिघांनाही लाज असेलच.

रविवार, ३१ मार्च

पहाटे उठून पाव केले. इतके सुंदर पाव मी आयुष्यात भाजले नव्हते. सोनेरी, हलके, मधे मऊ. एक फोडून बघितला, दुसरा फोडून बघितला, कच्चेपणाचा मागमूस नाही. नातीसाठी कासव, मनुकांचे डोळे लावून.

प्रार्थनाघराचं अंगण भरून गेलेलं. लांब लांब टेबलं. टेम्पोवाला, बोटांना पट्टी. मास्तर, हात गळ्यात, नाक सुजलेलं. इलेक्ट्रिशियन, डोक्याला फडकं गुंडाळून. कुणी बघेना माझ्याकडे. मी सगळ्यांना हसून मान हलवली. मनात कुणाबद्दल काही नाही.

लेक आली. जावई आले, नवा दात फार शोभून दिसतो, तसं मी म्हणालोही. त्यांनी थँक्यू म्हटलं. नात आली आणि कासव बघून खुदकन हसली. आधी पाय खाल्ले, मग डोकं. बायको माझ्या शेजारी बसली. ताईचं सूप नेहमीसारखं खारट, पण मी दोनदा घेतलं. जावई म्हणाले, पाव मस्त झालाय. स्वतः म्हणाले! लेक माझ्याकडे बघून किंचित हसली. इतकं सोपं होतं सगळं. एवढ्यासाठी किती महिने वाया घालवले या लोकांनी.

जेवण संपताना प्रवचनकार उठले. आमच्याकडे पद्धत आहे, ज्याने पाव केला त्याने शेवटी सगळ्यांना आशीर्वाद द्यायचा. ते क्षणभर अडखळले, पण माझं नाव घेतलं. मी उभा राहिलो. उजवा हात वर केला.

पहिल्यांदा बायको वाकली. खांदा पुढे, डोकं खाली, कोपराच्या आड. लेकीने पाठ फिरवून नातीला पोटाशी घेतलं. जावयांचा हात तोंडावर गेला. पलीकडच्या टेबलावर मास्तर खुर्चीसकट मागे सरकला. कुणाचा तरी ग्लास फुटला. ताई सुपाच्या भांड्याशी उभी होती, माझी ताई, जिने मला वाजवलं ती. तिने डोळे मिटले आणि डाव्या कानावर हात धरला.

नातीने आईच्या कुशीतून सगळ्यांकडे बघितलं. मग तिनेही दोन्ही हात डोक्यावर धरले. तिला मी कधी बोटसुद्धा लावलेलं नाही. सगळे करतात म्हणून तिने केलं. खेळ वाटला असेल तिला. हसत होती.

माझा हात वरच. आशीर्वादाचे शब्द आठवेनात. लहानपणापासून पाठ आहेत.

हात सावकाश खाली घेतला, खिशात घातला. एका शांत माणसाचा भर पंगतीत केवढा हा अपमान! पण मी टेबल उलटवलं नाही, कुणाला बोललोही नाही. खरंच नाही.

लेक नातीला उचलून जवळ आली. चेहरा पांढरा पडलेला. म्हणाली, बाबा, तुम्ही काहीच केलं नाहीत. मी बघितलं. मला माहितीये तुम्ही काहीच केलं नाहीत. असं दोनदा म्हणाली आणि रडायला लागली. मग जावयांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ते निघून गेले.

मंगळवार, २ एप्रिल

बायको लेकीकडे जातेय. सकाळी पिशवी भरली. किती दिवस म्हणून विचारलं. हळू आवाजात विचारलं. बघू, म्हणाली.

पिशवी दाराशी होती. मी म्हणालो, जड आहे, बसस्टॉपपर्यंत देतो उचलून. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पुढे येईना. नको, म्हणाली. आधी तुम्ही तिकडे खिडकीजवळ जाऊन बसा.

मी खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

मग तिने पिशवी उचलली.