‘मागं’ म्हणजे दोन्ही

प्रिय सर,

उद्या प्रिन्सिपल मॅडमना हो की नाही ते सांगायचंय, म्हणून लिहितेय. तुम्ही गेल्यापासून आपल्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमला कोच नाही. मॅडमचा फोन आला, “बेटा, तुम संभाल लो ना.” मी! एका नोकरीत वर्षभर न टिकणारी, एक कादंबरी अर्धी टाकून दुसरी सुरू करणारी मी!

हसताय ना?

टीमची हालत ऐका. फर्स्ट इयरच्या दोघी दुसऱ्या कॉलेजात जायचं म्हणतायत. नेहा, आत्ताची कॅप्टन, फोनवर रडली. “दीदी, लड़कियाँ कोच साब की वजह से आती थीं. अब क्यों आएँगी?” मला राग आला, तुमचाच. हॉस्पिटलमध्ये होतात आणि काकूंना बजावलंत, “पोरींची फायनल होईस्तोवर सांगायचं न्हाई.” असं कुणी करतं का, सर?

माझा पहिला महिना आठवतोय? अख्ख्या टीममध्ये मराठी कळणारे आपण दोघंच. फौजेतून रिटायर होऊन तुम्ही कितीतरी वर्षं दिल्लीत, पण मॅच तापली की तोंडातून थेट सातारा! त्या दिवशी मी बॉल घेऊन सुसाट, आणि बाकी सगळ्या माझ्याबरोबर पुढे. तुम्ही ओरडलात, “मागं! अगं, कुणीतरी मागं ऱ्हावा!”

रोहतकच्या प्रीतीला ऐकू आलं, ‘माँग’. ती जागीच थांबली, दोन्ही हात वर करून किंचाळली, “दे! मन्नै दे!” समोरच्या सगळ्या मला घेरून उभ्या. मी वळून बॉल तिच्याकडे फेकला. ती एकटी, मोकळी. बास्केट!

नंतर मी हसत सांगायला आले की सर, तिला चुकीचं कळलं. तुम्ही डोकं खाजवलंत. “चुकीचं कुठं? मागं बी ऱ्हायली, मागितला बी. आता हेच करायचं.”

झालं! ती आपली चाल झाली. समोरच्या टीमला माहीत असायचं, तरी अडवता यायची नाही, कारण मागे कोण राहणार हे ठरलेलं नसायचं. प्रॅक्टिसला तर तुम्ही मुद्दाम सगळ्यात घाबरट मुलीला मागे ठेवायचात. “माग की! घरी भाकरी मागताना लाजतीस का?”

आणि यार, ती खरंच मागायची! घरी भावासमोर तोंड न उघडणारी मुलगी भर कोर्टात ओरडायची, “मुझे दे!” ट्रॉफ्या इतर कॉलेजांकडेही आहेत. पण लोक मुलींना आपल्या कॉलेजात घेऊन यायचे ते हे बघून. तुम्हाला हे कधी कुणी सांगितलं का? मी तरी नाही सांगितलं. आता सांगतेय.

आज संध्याकाळी कोर्टवर गेले होते. मॅडमना नाही म्हणायचं पक्कं करून, फक्त मुलींना भेटायला. नेहा एका नव्या मुलीला शिकवत होती. गाझियाबादची, आजच आलेली. तुम्हाला कधी पाहिलेलंही नाही तिने.

“मागं मतलब पीछे. और मतलब माँग. दोनों.”

“किस लैंग्वेज में, दीदी?”

“हमारी में.”

“अच्छा, तभी! मेरी कज़िन बोली थी, वहीं जाना, वो मागं वाले कॉलेज में.”

नेहा माझ्याकडे बघत राहिली. फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बुटाच्या लेस बांधत समोर बसलं होतं! मी तोंड धुवायच्या नावाखाली नळाकडे गेले. तुम्ही नाही आहात, हे तिथे पहिल्यांदा नीट कळलं.

सर, मी हो म्हणतेय. पूर्ण सीझन, मध्येच सोडणार नाही. तुमच्यासारखा आवाज माझ्याकडे नाही, आणि नक्कल मी करणार नाही. पण माझं बोलणं मुलींना काहीतरी भलतंच ऐकू आलं, तर त्यांची चूक सुधारण्याआधी थांबून बघेन त्या काय करतात ते. शब्द देते.

तुमची,
अनुजा